आईची चमकी, माझा दात

"हे कुणी करायला सांगितलं होतं तुम्हाला?" लातूरच्या दातांच्या डॉक्टरांनी मला विचारलं. माझ्या तोंडात त्यांचा आरसा होता, त्यामुळे उत्तर देता येईना. आरसा बाहेर आला तशी मी म्हणाले, "कुणीच नाही. म्हणून तर केलं."

त्यांना ते आवडलं नाही. वयस्कर माणूस, डोक्याचे केस पिकलेले, खिशाला दोन पेनं. त्यांच्या बाजूला एक तरुण डॉक्टर बाई उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घालून हसू दाबलं. ते मी पाहिलं आणि मला जरा धीर आला.

माझ्या खालच्या ओठाच्या मधोमध, हनुवटीच्या थोडं वर, सोन्याची चमकी होती. नाकात घालतात तीच, लाल खड्याची. बाहेरून खडा आणि आतून फिरकी. ती फिरकी ज्या दातासमोर यायची, त्या दाताची हिरडी खाली सरकत सरकत पार मुळापर्यंत गेली होती. शेजारचा दात आखूड आणि हा लांबलचक, पिवळट. डॉक्टरांनी बारीक सळईनं मोजलं, चिमट्याच्या टोकानं दात पुढं-मागं करून बघितला आणि म्हणाले, "हलतोय. ह्याच्याकडं असंच दुर्लक्ष केलंत तर वर्षभरात हातात येईल."

मी सत्तावीस वर्षांची होते. समोरचा दात हातात येईल म्हटल्यावर माझ्या तळपायाला घाम फुटला, हे कबूल करते. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही. ती सवय मला लहानपणापासून आहे.

आता मुळापासून सांगते, कारण लोक अर्धंच ऐकतात आणि उपदेश करायला बसतात.

मी नांदेडची. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, आई घरी. आईचं माहेर नायगावकडचं. मी लॅबचा कोर्स केला आणि लातूरला एका पॅथॉलॉजीत लागले. दिवसभर माणसांना सुई टोचणं आणि रक्त काढणं हे माझं काम. महिन्यातून दोनदा एस.टी.नं नांदेडला घरी जायची, आईच्या हातचं खायची, दोन डबे भरून परत यायची.

पाच वर्षांची असताना माझं नाक टोचलं. बाबांनी गुडघे धरले, आईनं डोकं धरलं आणि सोनारानं तार घातली. मी बोंबलून सराफा डोक्यावर घेतला, असं आई अजून हसत सांगते. मला कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजात गेल्यावर मी ती चमकी काढून टाकली, भोक बुजलं, आई आठ दिवस धुसफुसत राहिली. पुढं पंचविसाव्या वर्षी मी ओठ टोचला तेव्हा मीही कुणाला विचारलं नाही. फिट्टंफाट.

का टोचला, असं प्रत्येकजण विचारतो. कुणाला वाटतं प्रेमभंग झाला असेल, कुणाला वाटतं मोबाईलवर कुणाचं तरी बघून केलं असेल. मला ते आवडलं, एवढंच. आवडलं म्हणून केलं, हे उत्तर आमच्याकडे पोरीच्या तोंडात शोभत नाही म्हणतात. माझ्या तोंडात ओठावरच्या खड्यासकट शोभायचं.

टोचलं नांदेडलाच, मोबाईलच्या दुकानावर माडीला एक टॅटूवाला बसतो तिथं. मी त्याला माझ्यासमोर नवे हातमोजे घालायला लावले, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्हीच टोचून घ्या की." स्टीलचा बारीक खडा होता, आतल्या बाजूला शर्टाच्या बटणासारखी गुळगुळीत चपटी चकती. घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. महिना-दीड महिन्यात ओठ असा बरा झाला, की जणू जन्मतःच तिथं भोक होतं.

टोचलं त्याच शनिवारी तिथून घरी गेले. आईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच विचारलं, "तोंडाला काय लावलीस ते?"

"खडा."

"कुठं?"

"ओठाला. दिसतंय की."

ती आत गेली, पाटावर बसली, डबी उघडली आणि मिसरी लावायला लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरडीला घासायची, ती मिसरी. आईला राग आला, आनंद झाला, पाहुणे आले, पाहुणे गेले, काही झालं तरी डबी निघते. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी तेवढी बोलली. बाबांनी पेपरातनं डोकं वर काढून विचारलं, "लॅबमध्ये चालतं का हे?" मी म्हणाले, "मास्क असतो बाबा." "मग ठीक आहे," म्हणाले आणि परत पेपरात गेले.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही विहारात वंदनेला गेलो. पांढरी साडी नेसून बसलेल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात नापास झालेय. "शिकून सवरून हे?" मला नाही, आईला विचारलं. आईनं नुसता पदर सावरला. घरी येताना रस्त्यात मात्र तिचा कोंडलेला दम सुटला.

"तोंडावर लोखंड लावून हिंडायलीस. लोकं बोलतील न्हाई तर काय करतील?"

"लोखंड नाही आई, स्टील आहे."

"स्टील बी लोखंडच." थोडं चालली आणि म्हणाली, "काढणार न्हाईस का?"

"नाही."

"मंग निदान सोनं तरी घाल."

मी थांबून तिच्याकडे बघितलं. ती पूर्ण विचार करून बोलत होती. आमच्याकडे पोरीचा कान टोचल्यावर पिकला, पू झाला, की बाया काय करतात, तर आतली पितळी रिंग काढून सोन्याची तार घालतात. सोनं बाधत नाही, असा सगळ्यांचा पक्का विश्वास आहे. आई, मावशा, शेजारपाजार, सगळ्यांचा. आईला माझा ओठ टोचणं पटलं नव्हतंच, पण मी ऐकणार नाही हेही तिला कळलं होतं. मग तिनं स्वतःपुरती वाट काढली. स्टील असलं की थेर, आणि सोनं असलं की दागिना.

पुढच्या खेपेला घरी गेले तर तिनं स्वतःच्या नाकातली चमकी काढून रुमालात बांधून ठेवलेली. लाल खड्याची, तिच्या लग्नातली. मी म्हणाले, "आणि तू काय घालशील?"

"दुसरी हाय की. तू खामखा चिंता करू नको."

सराफ्यात नेहमीच्या सोनाराकडे गेलो. त्यानं चमकी बघितली, माझा ओठ बघितला आणि म्हणाला, "नाकाची दांडी ओठाला पुरत नाही, वहिनी. ओठ जाड असतो." मग त्यानं दांडीला तुकडा जोडून ती लांब केली. फिरकी मात्र तीच ठेवली, चिमटीत पकडता यावी म्हणून कडेनं दाते पाडलेली. नाकात ती आत मोकळी असते, कुणाच्या वाटेला जात नाही. ओठाच्या आत काय असतं, याचा विचार सोनारानं केला नाही, आईनं केला नाही, आणि रोज मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्या मीही केला नाही. त्यानं फिरकी चांगली आवळली. म्हणाला, "सैल ठेवली तर झोपेत गिळशील, पोरी."

आईनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आता कसं माणसात आलीस," म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी हसून बोलत होती. मला एवढं बरं वाटलं, की ओठात टोचतंय का खुपतंय, हे मी तपासलंच नाही.

आणि गंमत बघा, पुढच्या पौर्णिमेला त्याच शिक्षिका बाई म्हणाल्या, "नवीन पद्धत दिसतीय. छान दिसतंय की." भोक तेच, ओठ तोच, तोंडही तेच. फक्त धातू बदलला होता. मी त्यांना हात जोडून जयभीम केला आणि मनात म्हणाले, धन्य आहात.

आईच्या नाकात त्या दिवसापासून खराट्याची काडी होती. भोक बुजू नये म्हणून बायका घालतात तशी, नखाएवढा तुकडा. मी विचारलं तर म्हणाली, "नाक दुखायलंय जरा. बरं झालं की घालते दुसरी." मी मान डोलावली आणि विसरून गेले. आपल्या आईच्या नाकाकडे कोण रोज निरखून बघतं? मी तरी बघितलं नाही.

साताठ महिन्यांनी पहिल्यांदा गार पाणी दाताला झोंबलं. मग उसाचा रस झोंबला. मग नुसती हवा. जिभेला एक खोड लागली होती, बसल्या बसल्या ती फिरकी फिरवायची, दातावर टेकवायची. बोलताना, हसताना, घास चावताना ती फिरकी हिरडीला घासत होती, आणि मी तिला जिभेनं आणखी मदत करत होते. एक दिवस लॅबच्या बाथरूममध्ये मास्क खाली केला, ओठ ओढून आरशात बघितलं, तर एक दात बाकीच्यांपेक्षा लांब. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? दात वाढलाय. सत्तावीस वर्षांच्या बाईचा दात वाढतो म्हणे. दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणारी मी, स्वतःचा रिपोर्ट वाचायला तयार नव्हते.

आईला फोनवर एवढंच सांगितलं की, दात दुखतोय. ती म्हणाली, "मिसरी लाव जराशी. बधिर होतंय." आणि मी लावली. हो, लावली. नांदेडहून आणलेल्या डब्यांच्या पिशवीत तिनं कधीतरी पुडी टाकून दिलेली होती. चार दिवस लावली. डोकं गरगरायचं, तोंड कडू व्हायचं, पण दुखणं थांबायचं. आधीच सोलवटलेल्या हिरडीवर मी तंबाखूची राख चोळत होते. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, आज इथं सांगते.

काढून का टाकली नाही, हा प्रश्न मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा विचारला. काढली असती तर सगळे जिंकले असते. त्या शिक्षिका, शेजारच्या काकू, लॅबमधली मास्क काढला की टक लावून बघणारी माणसं. "आम्ही सांगत होतो," हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. दुसरं कारण आई. तिनं त्या सोन्याच्या निमित्तानं माझ्याशी समेट केला होता. आता ते सोनंच मला खातंय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून मी गुमान सोसत राहिले, पुढचे सहा-सात महिने. जिद चांगली असते, माझ्याजवळ ती भरपूर आहे, पण हिरडीला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

शेवटी दात जिभेनं हलायला लागला तेव्हा गेले. आणि तिथंच ते वयस्कर डॉक्टर भेटले.

त्यांनी चिमटा घेतला तशी मी म्हणाले, "थांबा. मी काढते." मी घातली होती, काढणारही मीच. फिरकी फिरेना, दात्यांमध्ये दातावरचं कीटण जाऊन बसलं होतं. चांगली पाच-दहा मिनिटं लागली. निघाली तेव्हा फिरकीला रक्त लागलेलं. डॉक्टर म्हणाले, "चांगल्या घरातल्या दिसता तुम्ही. कशाला हवेत हे नखरे?"

"घर चांगलंच आहे, सर. तुम्ही दाताचं सांगा."

दाताचं तरुण डॉक्टर बाईंनी सांगितलं. आधी दात साफ करायचे, सूज उतरू द्यायची. मग वर टाळूच्या बाजूचं थोडं मांस घेऊन हिरडी गेली तिथं शिवायचं. ते धरलं तर दात राहील. नाही धरलं तर नाही. "खात्री देत नाही मी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "स्टीलची होती तोवर काही झालं नव्हतं. सोन्यानंच झालं ना?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "स्टीलनंही घासलं असतं. गुळगुळीत होती म्हणून हळू घासलं असतं, वर्षं लागली असती. ओठात काहीही घातलं तरी हिरडीला धोका आहेच." हे ऐकायला मला आवडलं नाही, पण बाई खरं बोलल्या म्हणून आवडल्या.

ऑपरेशनला सोबत कुणीतरी पाहिजे होतं. आईला फोन केला. "हिरडीचं बारकं ऑपरेशन आहे" एवढंच म्हणाले. ती पहाटेच्या गाडीनं निघून दहाच्या आत दवाखान्यात हजर. पिशवीत ज्वारीचं पीठ, ताकाची बाटली आणि कमरेला डबी.

बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. समोरच्या भिंतीवर मोठा कागद लावलेला, तंबाखूनं सडलेल्या तोंडाचं चित्र. त्या चित्राखाली बसून माझ्या आईनं डबी काढली, बोट बुडवलं आणि पदराआड तोंडात घातलं. माझं डोकंच सणकलं.

"आई, इथं तरी."

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? माझ्या ओठातल्या खड्यावर सगळ्या नांदेडनं सभा घेतली. तू वीस वर्षं तोंडात तंबाखू घासतेस, घरातल्या सगळ्या बाया घासतात, त्याच्यावर कुणी एक चकार शब्द काढत नाही."

आई शांतपणे म्हणाली, "आमचं येगळं हाय. आमचं कुणाला दिसत न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंजेक्शननंतर दुखलं नाही, पण टाळू खरवडल्याचं आणि दोरा ओढल्याचं सगळं कळत होतं. मी मुठी आवळून छताकडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, राहू दे, राहू दे. मला तो दात हवा होता. कुणाला दाखवायला नाही, माझा होता म्हणून हवा होता.

आई माझ्या लातूरच्या खोलीवर बारा दिवस राहिली. थंड आंबील, गुरगुट्या भात, ताक. दररोज सकाळी मोबाईलची बॅटरी लावून माझ्या तोंडात बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पांढरं पडलंय गं ते." आम्ही दोघी घाबरलो. मी रडकुंडीला येऊन डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सुरुवातीला पांढरं दिसतं, धरलं तर गुलाबी होईल, वाट बघा. दोरे निघेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

अशाच एका दुपारी मी फिरकीनं हिरडी कशी खाल्ली ते तिला सांगून टाकलं आणि धुवून पुसून ठेवलेली चमकी तिच्यापुढं केली. "घे. तुझी तुला. दुसरी काढून ही घाल आता."

ती खिडकीकडे बघायला लागली. मी तिच्या नाकाकडे बघितलं. काडी. दीड वर्षापूर्वी होती तशीच, खराट्याची.

"आई, दुसरी कुठंय?"

"कोणती दुसरी?"

"तू म्हणाली होतीस, दुसरी आहे."

"तुझ्या तोंडात व्हती की," आई म्हणाली. "एकच व्हती ती. मंग काय घालू?"

दीड वर्ष. लग्नाकार्यात, विहारात, पाहुण्यांत ती नाकात खराट्याची काडी घालून हिंडली, आणि मी तिचं सोनं ओठात घालून मिरवत होते. मला रडू फुटलं. टाके होते, ओठ ताणला की कळ जायची, त्यामुळे धड रडताही येईना. आई म्हणाली, "गप. दोरे तुटतील." आणि स्वतः डोळे पुसायला लागली.

बाराव्या दिवशी दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसले, दिवा तोंडावर आला. वयस्कर डॉक्टरांनी ओठ खाली ओढला, बघितलं, परत बघितलं, चिमट्यानं हलकेच चाचपलं.  मग म्हणाले, "धरलंय. गुलाबी झालंय. सगळं मूळ झाकलं नाही, थोडं उघडं राहणारच. पण दात राहील."

मी डोळे मिटले. आनंद झाला तर तो निवांत होऊ द्यावा की नाही? पण लगेच पुढचं आलंच. "आता परत असला वेडेपणा नाही करायचा. घरच्यांना विचारत जायचं. आईला विचारलं असतं तर ही वेळ आली असती का?"

मी काही बोलण्याआधी आई बाकावरून उठली. माझी आई परक्या माणसासमोर कायम तोंडावर पदर धरून बोलते. मिसरीनं काळे पडलेले दात दिसू नयेत म्हणून. त्या दिवशी पदर खाली राहिला.

"डाक्टर, मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते, आन् तिनं ऐकलं नसतं. ते जाऊ द्या. पर तिनं तिच्या मनानं घातलं व्हतं, ते आतून गुळगुळीत व्हतं. ही फिरकी मी घातली. लोकं बोलतेत म्हनून माझ्या नाकातली काढून, माझ्या हातानं सोनाराकडं नेऊन. वेडेपणा लिवायचा असंल तर माझ्या नावानं लिवा."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. तरुण डॉक्टर बाई पुढं आल्या. आईच्या उघड्या तोंडाकडे त्यांचं लक्ष केव्हाच गेलं होतं. "मावशी, तुम्ही बसा बरं जरा खुर्चीत."

"मला काय झालंय?"

"बसा तर."

मी उठले आणि आई बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापुढं पूर्ण तोंड उघडत होती. खालचे दोन दात माझ्यापेक्षा वाईट हलत होते. गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रिपोर्ट साधा आला. दोन्ही दात मात्र काढावे लागले. त्यांच्यावर शिवायला काही उरलं नव्हतं. माझा एक राहिला, तिचे दोन गेले, आणि तिच्या दोन दातांसाठी विहारात कुणी कुणाला जाब विचारला नाही. मला त्याचा आजही राग आहे.

मिसरी सुटली का? नाही. कमी झाली म्हणते. डबी लपवते, मी शोधते, आमची भांडणं होतात. एकदा मी डबी खिडकीतून फेकली तर तिनं शेजारणीकडून मागून आणली. तिची लेक आहे मी, जिद कुठून आली ते काही शोधायला नको.

पुढच्या खेपेला नांदेडला गेले तेव्हा आम्ही त्याच सोनाराकडे गेलो आणि चमकीची दांडी पहिल्यासारखी आखूड करून घेतली. घरी येऊन आईनं आरशासमोर उभं राहून नाकातली काडी काढली, चमकी घातली आणि फिरकी आवळायला लागली. मी शेजारी उभी. तिनं आरशातच माझ्या ओठाकडे बघितलं.

"तुझं भोक बुजायलंय. काडी घालायची का?"

माझ्याशी दोन दिवस अबोला धरणारी हीच बाई. मला हसूच आलं. "नको. आतून परत हिरडीला लागेल. बुजू दे."

"मंग झालं का समाधान? संपलं?"

"नाही. आता भुवई."

आईचे हात फिरकीवरच थांबले. तिनं माझ्या भुवईकडे नीट, डॉक्टर बघतात तसं बघितलं.

"तिथं हिरडी असती का?"

"नाही."

"मंग टोच," आई म्हणाली आणि फिरकी आवळली. "पर ह्या टायमाला माझी मागायची न्हाई."

मागितली नाही. स्टीलची आहे.